नाही म्हणायची मुभा

हिंगोलीत कुणालाही पत्ता विचारा. पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशीच उत्तरं मिळतील. इथली छावणी उठून सव्वाशे वर्षं होत आली. आता ना घोडे राहिले, ना तोफा, ना गोरा साहेब. रिक्षावाल्याचं मात्र रिसाल्याशिवाय पान हलत नाही.

माझी सगळी नोकरी याच गावात इतिहास शिकवण्यात गेली. तैनाती फौजेचा धडा आला की मी पुस्तक मिटायला सांगायचो. मुलांनी वेलस्ली, निजाम, १७९८ हे पाठ केलेलंच असायचं. मग कुणीतरी मागच्या बाकावरून विचारायचं, ‘सर, निजाम एवढा येडा होता का? घरात दुसऱ्याची फौज कशाला घेतली?’ तीस-चाळीस मार्कांच्या त्या पेपरात यापेक्षा चांगला प्रश्न मी कधी पाहिला नाही. आजकाल चहाच्या टपरीवर क्वाड, नाटो, अमेरिका असे विषय निघतात आणि ‘सर, अमेरिका आपली दोस्त का दुश्मन?’ असं लोक मलाच विचारतात, तेव्हा मला तो मागचा बाक आठवतो. दोन्ही प्रश्न एकाच जातीचे आहेत.

निजाम अली येडा नव्हता. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेला होता तो मराठ्यांना. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला त्याचा सडकून पराभव झाला. टिपूविरुद्धच्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनी, पेशवे आणि निजाम तिघं एका बाजूला होते, त्यामुळं कंपनी आपल्या मदतीला येईल अशी त्याला आशा होती. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी हात झटकले. निजामानं मग रेमों नावाच्या फ्रेंच सेनानीच्या पलटणी वाढवल्या. पुढं गव्हर्नर जनरल म्हणून वेलस्ली आला, त्यानं हीच भीती ओळखली आणि तिची किंमत ठरवली. सप्टेंबर १७९८ च्या तहानं कंपनीच्या सहा पलटणी हैदराबादेत आल्या, त्यांचा खर्च वर्षाला २४ लाख १७ हजार १०० रुपये, निजामानं द्यायचा. फ्रेंच पलटणींची हत्यारं पुढच्याच महिन्यात काढून घेतली गेली. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १८०० मध्ये, रोख रकमेऐवजी जमीन ठरली, आणि टिपूकडून वाट्याला आलेला बेल्लारी, अनंतपूर, कडप्पाचा मुलूख कंपनीकडं गेला. इतर कोणत्याही दरबाराशी बोलायचं तर कंपनीमार्फत, हीही अट आली. ज्या पेशव्यांच्या धाकानं हे सगळं झालं, त्यांच्याच गादीवरचे दुसरे बाजीराव ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला असाच कागद करून मोकळे झाले. शत्रू कुठं गेला आणि कंपनी कुठं येऊन बसली, हे कळायला दोघांनाही वेळ लागला.

हिंगोलीची छावणी मात्र या पहिल्या फौजेची नव्हे. ती आली त्यानंतरच्या ‘कंटिंजंट’मधून. हेन्री रसेल १८११ पासून हैदराबादचे रेसिडेंट होते. त्यांनी निजामाच्याच सैन्यातल्या पलटणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नव्यानं उभ्या केल्या. त्यातून पुढं हैदराबाद कंटिंजंट झालं, आणि बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, एलिचपूर, हिंगोली अशा छावण्या पडल्या. राखणदाराला पगार आपण द्यायचा आणि त्यानं हुकूम सावकाराचा ऐकायचा, असा तो प्रकार होता. या फौजेचं सुरुवातीचं एक मोठं काम तर आमच्याच मुलखातलं: जानेवारी १८१९ मध्ये हटकर सरदार नोवसाजी नाईक यांच्या नोव्ह्याच्या किल्ल्याला तिनं वेढा घातला आणि तो पाडला. निजामाच्या खर्चानं.

खर्च वाढत गेला, थकत गेला. १८५३ पर्यंत कंपनीनं निजामाच्या नावावर सुमारे ४५ लाखांचं देणं दाखवलं. गव्हर्नर जनरल डलहौसीनं वसुलीचा लकडा लावला आणि २१ मे १८५३ रोजी नासिर-उद-दौला निजामानं वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंटिंजंटच्या खर्चापोटी लावून दिले. करार झाल्यावर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क वारले. धाराशिव आणि रायचूर पुढं १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड नाही. सिराज-उल-मुल्क यांचे पुतणे पहिले सालारजंग दिवाण झाले, तीस वर्षं कर्तबगारीनं राज्य चालवलं, वऱ्हाड परत मागायला विलायतेपर्यंत गेले. हात हलवत आले. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टाच करून घेतला, आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात विलीन होऊन हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेच्या खर्चासाठी मुलूख गेला ती फौजही गेली.

याचा अर्थ इथल्या माणसाला पुस्तक न वाचता कळतो. हिंगोलीहून वाशीमला जाताना पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागतं. नदीच्या त्या काठावर इंग्रजी अंमल, या काठावर निजामी. बोली तीच, सोयरिकी त्याच, कचेऱ्या वेगळ्या. तिकडं रेल्वे आणि कापसाच्या गाठी लवकर आल्या, इकडं आम्ही वाट पाहत राहिलो. आणि एक गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगायचो: १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोझनं झाशीला वेढा दिला, तेव्हा त्याच्या सैन्यात हैदराबाद कंटिंजंट होतं. निजामाच्या मुलखाच्या महसुलावर पोसलेले घोडेस्वार राणी लक्ष्मीबाईंवर चालून गेले. त्यांनी जावं की न जावं, हे हैदराबादेत कुणी ठरवलं नव्हतं.

म्हणून दोन देशांचा संरक्षण करार कसा आहे हे पाहायचं तर मी पहिल्यांदा एकच बघतो. लहानानं मोठ्याला नाही म्हटलं तर काय होतं?

नाटो घ्या. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी सह्या केल्या. सोव्हिएत रशियाची भीती होती, त्या भीतीत खोटं काही नव्हतं. आदल्या वर्षी चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता घेतली होती आणि बर्लिनची कोंडी चालू होती. करारातलं पाचवं कलम प्रसिद्ध आहे: एकावरचा सशस्त्र हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानायचा. पण त्याच कलमात पुढं असंही आहे की मदत म्हणून काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. सैन्य पाठवलंच पाहिजे अशी सक्ती नाही. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ नंतर, आणि तेही अमेरिकेसाठी. आज नाटोत ३२ देश आहेत. शेवटचे दोन, फिनलंड आणि स्वीडन, युक्रेनवरच्या रशियन आक्रमणानंतर आले. कुणी बंदूक लावून आणलं नाही, रशियाकडं पाहून आपणहून आले.

आता नाही म्हणणाऱ्यांकडं बघा. १९६६ मध्ये फ्रान्सचे द गॉल यांनी नाटोच्या एकत्रित लष्करी कमांडमधून अंग काढलं आणि परकीय फौजांना चालते व्हायला सांगितलं. अमेरिकन सैन्य गेलं, नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला हललं, फ्रान्स करारात तसाच राहिला आणि २००९ मध्ये पुन्हा कमांडमध्ये आला. मार्च २००३ मध्ये इराकवर जाण्यासाठी अमेरिकेला तुर्कस्तानातून वाट हवी होती. तुर्की संसदेत ठराव थोडक्यात पडला, वाट मिळाली नाही. न्यूझीलंडनं १९८० च्या दशकात अण्वस्त्रवाली जहाजं बंदरात येऊ द्यायला नकार दिला. अमेरिका चिडली, १९८६ मध्ये करारातली संरक्षणाची हमी थांबवली. पण वेलिंग्टनमध्ये रणगाडे उतरले नाहीत. पलीकडच्या वॉर्सा करारात हंगेरीनं १९५६ मध्ये बाहेर पडतो म्हटलं, तेव्हा बुडापेस्टमध्ये रणगाडे आले. बारा वर्षांनी प्राग. हैदराबादेत १८५३ ला रणगाड्यांची गरजच पडली नाही, फौज आधीपासून आत बसली होती.

लोकशाही देशांच्या दोस्तीचा हा खरा गुण आहे, आणि तोच तिचा दोषही. नाही म्हणायची मुभा दोघांना असते. मदत मागणाऱ्यालाही असते, आणि मदत करणाऱ्यालाही. दुसरा भाग आपण विसरतो. शिवाय लोकशाह्यांचा गट म्हणजे सगळे धुतल्या तांदळासारखे, असंही नाही. नाटोच्या पहिल्या बारांत पोर्तुगाल होता, तिथं सालाझारची हुकूमशाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात उतरलं, तेव्हा लिस्बनला वाटलं की दोस्त धावतील. इंग्लंडशी तर त्यांचा मैत्रीचा तह चौदाव्या शतकातला. नाटोच्या कराराची हद्द मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिका अशी असल्यानं गोवा त्यात बसतच नव्हता. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांनी सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध हात वर केले, सोव्हिएत रशियानं नकाराधिकार वापरला, पण पोर्तुगालसाठी बंदूक कुणी उचलली नाही. १९ डिसेंबरला गोवा मोकळा झाला. लोकशाही अमेरिका त्या वेळी हुकूमशहाच्या बाजूनं मत देत होती आणि कम्युनिस्ट रशिया आपल्या. लोकशाही देश म्हणजे आपले सख्खे, असं ज्यांना वाटतं त्यांनी गोवा विसरू नये.

आणि ज्यांना वाटतं की आपल्याला कुणाचीच गरज नाही, त्यांनी त्यानंतरचं, १९६२ चं चीन युद्धाचं वर्ष विसरू नये. त्या युद्धाचा धागाही आमच्या छावणीपर्यंत येतो. हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी पुढं १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाल्या, आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचं नाव कुमाऊं रेजिमेंट झालं. जुन्या नोव्ह्याच्या लढाईचा मान या रेजिमेंटच्या वारशात आजही आहे. पहिले परमवीर चक्र विजेते मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग लाच्या बर्फात मेजर शैतान सिंग आणि त्यांचे शंभरावर जवान लढत पडले, तेही याच रेजिमेंटच्या तेराव्या बटालियनचे. सावकाराच्या हुकमावर चालणारी फौज शंभर वर्षांत आपली झाली, यापेक्षा मोठी स्वातंत्र्याची खूण मला माहीत नाही.

रेझांग लाच्या दुसऱ्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, पंडित नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना पत्रं लिहिली आणि लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या मागितल्या, वैमानिकांसकट. अलिप्ततावादाचा जनक अमेरिकेला विमानं मागतो, यावर आजही काहीजण टाळ्या पिटतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. घर पेटलं की माणूस शेजाऱ्याचं दार वाजवतो. २१ तारखेला चीननं एकतर्फी युद्धबंदी केली, विमानांचा प्रश्न मिटला. रायफली आणि दारूगोळा मात्र आधीच आला होता, आणि त्याच्या मागोमाग अमेरिका आणि ब्रिटनचे दूतही आले: काश्मीरवर पाकिस्तानशी बोला. स्वर्णसिंग आणि भुट्टो यांच्या सहा फेऱ्या झाल्या. त्यातून काही निघालं नाही, पण मदतीसोबत बिल येतं हे दिल्लीला समजलं. भारत बोलणीला बसला, काश्मीर मात्र दिलं नाही. १८५३ आणि १९६२ यांत हा फरक आहे, आणि तो लहान नाही.

१९७१ ची गोष्ट उलटी. अमेरिका पाकिस्तानच्या पाठीशी, तिनं दिलेली हत्यारं आपण १९६५ मध्ये अंगावर घेतलेली. ९ ऑगस्ट १९७१ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारनं सोव्हिएत रशियाशी वीस वर्षांचा करार केला. त्यात एकावर हल्ला झाला तर दोघांनी तातडीनं सल्लामसलत करायची असं आहे. लढायला येऊ असं नाही. रशियाला एकही तळ दिला गेला नाही. बंगालच्या उपसागरात अमेरिकेचं एंटरप्राइज जहाज आलं, तेव्हा तो कागद उपयोगी पडला. सर्वांत मोठी लोकशाही आणि सर्वांत ताकदवान लोकशाही तेव्हा समोरासमोर होत्या.

अशा पार्श्वभूमीवर क्वाडकडं बघायचं. त्याची सुरुवात युद्धातून झाली नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांनी मदतकार्य एकमेकांशी जुळवून घेतलं, तिथून. २००७ मध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी त्याला आकार द्यायचा प्रयत्न केला. चीन रागावला, ऑस्ट्रेलियानं २००८ मध्ये काढता पाय घेतला. कुणी ऑस्ट्रेलियाला ओढून आणलं नाही. २०१७ मध्ये मनिलात चौघं पुन्हा बसले. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान पडले आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया मलबार नौदल सरावात परत आला. या चौघांत जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचे अमेरिकेशी जुने संरक्षण करार आहेत. भारताचा नाही. चीन उद्या लडाखमध्ये पुढं आला तर टोकियो किंवा कॅनबेरा लढायला येईल, असा कुठलाही कागद नाही. आपण सह्या केल्या त्या वेगळ्या गोष्टींवर: २०१६ मध्ये एकमेकांच्या तळांवर इंधन-रसद घेण्याचा करार, २०१८ मध्ये सुरक्षित संदेशवहनाचा, २०२० मध्ये उपग्रहांवरून मिळणाऱ्या नकाशांचा. पैसे ज्याचे त्यानं द्यायचे. आपल्या हद्दीत परकी छावणी नाही. टपरीवर कुणी म्हणालं की ‘आपण अमेरिकेचे मांडलिक झालो’, तर मी त्याला हे सांगतो. आणि कुणी म्हणालं की ‘आता चीनचं काही खरं नाही, अमेरिका आहे ना’, तर त्यालाही हेच सांगतो.

आमच्या जिल्ह्यात या दोस्तीचा एक भाग आता जमिनीवर दिसणार आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा शिवारात लिगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत लेझर किरण, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी कृष्णविवरं एकमेकांवर आदळली त्याची थरथर मोजायची. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रानं तत्त्वतः मान्यता दिली, ३१ मार्च २०१६ ला वॉशिंग्टनमध्ये सामंजस्य करार झाला, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची पूर्ण मंजुरी मिळाली. यंत्राचा गाभा अमेरिकेतून यायचा. जागा, इमारती, निर्वात नळ्या आपल्या. पुण्याचं आयुका, इंदूर आणि गांधीनगरच्या संस्था आणि अणुऊर्जा विभाग मिळून हे करताहेत. लष्कराचा यात काही संबंध नाही.

तरीही मी ते इथं आणतो, ते तारखेसाठी. ११ मे १९९८ रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या. अमेरिकेनं निर्बंध घातले आणि आपल्या अणुऊर्जा विभागाच्या अनेक संस्था काळ्या यादीत टाकल्या. त्यांना साधं उपकरण विकायलाही परवाना लागू लागला. ती कोंडी फुटायला ऑक्टोबर २००८ चा अणुकरार यावा लागला. आणि ११ मे २०२३ रोजी, पोखरणला पंचवीस वर्षं झाली त्याच दिवशी, पंतप्रधानांनी लिगो-इंडियाची कोनशिला बसवली. ज्या विभागाला अमेरिका स्क्रू द्यायला तयार नव्हती, त्याच विभागाच्या हाती ती आपलं सर्वांत नाजूक यंत्र सोपवते आहे. आपण बॉम्ब सोडला नाही, अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली नाही. नाही म्हणूनही दोस्ती झाली.

पण दोस्तीत तडेही जातात, आणि ते थेट आमच्या शेतापर्यंत येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं. त्यातला अर्धा भाग रशियाचं तेल घेतल्याचा दंड होता. कापडगिरण्यांना आधार म्हणून केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ केलं. म्हणजे नेमका आमच्याकडचा वेचणीचा हंगाम. परदेशी कापूस बिनशुल्क येत असताना कळमनुरी, सेनगावच्या शेतकऱ्यानं भावाची काय अपेक्षा करायची होती? नाही म्हणायची मुभा फुकट मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण तिचा हप्ता कुणी भरला, हे तरी सांगावं.

आणि इथंच माझी तक्रार आहे. अमेरिकेत तह मंजूर व्हायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. तुर्कस्तानच्या संसदेनं नाही म्हटलं, कारण तिला विचारलं गेलं होतं. आपल्याकडं परराष्ट्र करार करणं हे सरकारचं काम मानलं जातं, संसदेची मंजुरी घ्यावी असा नियम नाही. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून लोकसभेत जे मतदान झालं, तेही सरकारवरच्या विश्वासाचं होतं, कराराचं नव्हतं. २०१६, २०१८ आणि २०२० चे तिन्ही लष्करी करार संसदेत मताला आले नाहीत. ते वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. माझ्या मते ते करायलाच हवे होते, आणि परस्पर संरक्षणाचा बांधील तह आपण आज करू नये हेही सरकारचं धोरण बरोबर आहे. पण लोकशाही देशांची दोस्ती म्हणायची आणि लोकांच्या प्रतिनिधींना विचारायचं नाही, हे बसत नाही. तेव्हा आपले खासदार गावात येतील, तेव्हा रस्ता, पाणी, रेल्वे, पीकविमा जरूर विचारा. सोबत एवढंही विचारा की या करारांवर तुम्ही सभागृहात कधी बोललात का, आणि नसाल तर पुढचा करार सहीआधी संसदेत यावा अशी मागणी कधी करताय.